एका खुर्चीचा समुद्र

खोली दाखवताना बाईंनी भाड्याचं नाव काढलं नाही. जिन्याच्या पायथ्याशी भिंतीवर, माझ्या खांद्याच्या थोडी वर, एक मातकट रेघ होती. तिच्यावर बोट टेकवून त्या म्हणाल्या, "पाणी इथपर्यंत येतं." मग अट सांगितली. नदीचं पाणी घरात शिरलं की बाई वर माझ्या खोलीत येणार. पाणी उतरलं की खाली जाणार. एरवी त्या जिना चढणार नाहीत आणि मीही उगाच गप्पा मारायला खाली उतरायचं नाही.

"मला कुणी लागत नाही," त्या म्हणाल्या. मला कांदा-लसूण चालत नाही, हे सांगावं इतक्या सहज.

मी सांगलीकडची. महाडच्या औद्योगिक वसाहतीत रसायनांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरी लागली म्हणून आलेली. बरोबरच्या मुलींनी कारखान्याला जवळ म्हणून बिरवाडीत खोल्या घेतल्या होत्या. मला बाजारपेठ, वाचनालय, चार दुकानं असलेलं गाव हवं होतं, म्हणून मी महाडात राहिले आणि बाईंच्या तावडीत सापडले. दोन हजार सालच्या आगेमागे चारेक वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिले. हे वाक्य बाईंचंच. "ही माझ्या डोक्यावर राहते," अशीच त्या माझी ओळख करून द्यायच्या.

बाई पोलादपूरच्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. उभं आयुष्य सकाळच्या एसटीने महाडहून पोलादपूर आणि संध्याकाळच्या एसटीने पोलादपूरहून महाड. उंच, काटकुळ्या, पाठीचा कणा फूटपट्टीसारखा ताठ. लग्न केलेलं नव्हतं. वडील लवकर गेले, दोन धाकट्या भावांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, ते मुंबईला गेले आणि मग बाईंचं लग्न हा विषय जसा काही कोणी माळ्यावर ठेवून दिला आणि परत काढलाच नाही. हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. शेजारणीने सांगितलं, आणि सांगताना तिलाच फार समाधान वाटत होतं.

त्यांना माणसं मोजायची खोड होती. शाळेच्या सहली नेऊन नेऊन लागलेली. देवळात, लग्नात, दवाखान्यात, कुठेही शिरल्या की नजर डावीकडून उजवीकडे फिरायची आणि पदराच्या काठावर अंगठा टकटक चालायचा. पोलादपूरच्या गाडीचा कंडक्टर तिकिटं फाडून झाली की सरळ बाईंकडेच बघायचा, आणि बाई तोंड न उघडता मान हलवायच्या. बरोबर आहे, सोड गाडी.

या खोडीचं मूळ त्या सांगायच्या ते असं. एकदा शिवथर घळीला सहल गेलेली. घळीतून उतरून गाडीत मोजणी केली तर एक मुलगी कमी. बाकीच्या शिक्षकांना मुलांपाशी बसवून बाई एकट्या पुन्हा वर चढल्या. घळीत, ओलसर अंधारात, पोलादपूरच्या वरच्या वाडीवरची एक पोर खडे घेऊन एकटीच सागरगोट्यांचा खेळ खेळत बसली होती.

"भीती नाही वाटली?" बाईंनी विचारलं.

"नाय बाई. तुमी मोजाल ना. मोजलंव की येनारच."

ही गोष्ट बाई अभिमानाने सांगायच्या. पण एकदा सांगून झाल्यावर, वालाच्या शेंगा सोलता सोलता, खाली बघत म्हणाल्या, "मला मोजणारं कोणी असतं ना, तर मीही एकदा हरवून बघितलं असतं." मी माझ्या वाटणीच्या शेंगा सोलत राहिले.

त्यांच्या डोक्यात बेट शिरलं ते एका गणपतीत. थोरल्या भावाचा मुलगा नव्या बायकोला घेऊन आला होता. दोघं मॉरिशसला जाऊन आलेली. फोटोंचा जाडजूड अल्बम आणलेला. घरातली बाकी मंडळी नवरा-नवरीचे कपडे बघत होती, बाई भिंग लावून त्यांच्या मागचं बघत होत्या. निळंशार पाणी, पांढरी वाळू, वाळूत लांबलचक आरामखुर्च्या.

"इथे लोक काय करतात?"

"काही नाही आत्या," नवी सून म्हणाली. "नुसतं बसायचं."

"स्वयंपाक?"

"ते आणून देतात ना."

"आणि मुलांकडे कोण बघतं?"

"मुलं नसतातच तिथे फारशी."

बाईंनी भिंग खाली ठेवलं. "नुसतं बसायचं?" त्यांनी पुन्हा एकदा विचारून खात्री करून घेतली. त्या दिवशी उकडीच्या मोदकांच्या दोन कळ्या फाटल्या. बाईंच्या हातून असं कधी व्हायचं नाही.

त्यानंतर बाई त्या रिसॉर्टांच्या मागे लागल्या ते सलग दोन-अडीच वर्षं. मुलगी बघायला आलेली सासरची मंडळी जशा नाना खोडी काढतात, तशा त्या प्रत्येक जागेच्या खोडी काढायच्या. मुंबईच्या प्रवासी कंपन्यांना फोन करून करून गुळगुळीत कागदाच्या चोपड्या मागवायच्या. एसटी स्टँडासमोर नुकतंच इंटरनेटचं दुकान निघालं होतं, तिथे रविवारी मला घेऊन जायच्या. तेव्हा संगणकावर चित्र वरून खाली इंचाइंचाने उतरायचं. आधी आकाश यायचं, मग माडाचे शेंडे, मग झोपडीचं छप्पर. मला कंटाळा यायचा. मी पुढच्या चित्राकडे जायला लागले की बाई माझं मनगट धरायच्या. "थांब गं. पाणी कुठपर्यंत येतंय ते बघू दे."

महाडचं माणूस कुठलीही जागा बघताना आधी हेच बघतं. जोतं किती उंच, पायऱ्या किती, धान्याचे डबे टाकायला माळा आहे का. बाईंनी एकापेक्षा एक महागडी रिसॉर्टं माळा नाही म्हणून बाद केली. मी म्हटलं, "अहो बाई, तिथे तुम्ही तांदूळ घेऊन जाणार आहात का?" तर म्हणाल्या, "पेटी तर नेईन ना?"

दुसरी अडचण खुर्चीची. कुठलंही चित्र घ्या, वाळूत खुर्च्या दोन. कंदिलाच्या उजेडातलं जेवणाचं टेबल, ताटं दोन. पलंगावर टॉवेलांचे केलेले हंस, तेही दोन, चोचीला चोच लावून. बाईंना एका खुर्चीची जागा हवी होती. मी आधी हसायचे. मग आम्ही दोघी भिंग घेऊन शोधायला लागल्यावर माझं हसू कमी होत गेलं, कारण खरोखरच सापडेना.

दादरच्या एका प्रवासी कंपनीतल्या मुलीशी बाईंचं फोनवर झालेलं बोलणं मी जिन्यात उभी राहून ऐकलं आहे. पलीकडचं ऐकू येत नव्हतं, तरी कळत होतं.

"हो, मीच येणार... बरोबर मी... नाही, बरोबर कोणी नाही म्हणून सांगते ना... मिस्टर नाहीत. गेले नाहीत, नाहीतच... मैत्रीण? मैत्रिणींना गुडघे आहेत... अहो, पॅकेज दोघांचं असू दे, दोघांचं घ्या, पण येणार एकच माणूस. चालेल ना?... मग तुम्हाला कसलं वाईट वाटतंय?"

फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "सॉरी म्हणाली मला," त्या म्हणाल्या. चेहरा असा, जशी कोणी भर रस्त्यात नको ती चौकशी केली असावी.

त्या वर्षी श्रावणाच्या आधी पाणी चढलं. नगरपालिकेचा भोंगा वाजला, बाजारपेठेत दुकानदारांनी माल वर चढवला आणि बाई अटीप्रमाणे माझ्या खोलीत दाखल झाल्या. एका हातात देव, दुसऱ्या हातात रिसॉर्टांच्या चोपड्यांची पिशवी. दिवसभर आम्ही दोघी खिडकीत बसलो. खाली गल्लीतून लालभडक पाणी चाललेलं, त्यातून कुणाचे तरी पाट, चपला, भोपळे वाहत जात होते. बाईंनी एक चोपडी उघडली. समुद्रात खांबांवर उभ्या केलेल्या खोल्या, खोलीतून थेट पाण्यात उतरणारी शिडी.

"बघ," त्या म्हणाल्या, "लोक पैसे देऊन पुरात राहायला जातात."

आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या घराच्या माळ्यावर बसलेली मंडळी आमच्याकडे बघायला लागली. त्या हसण्यातच मी धीर करून विचारलं, "बाई, पण तुम्हाला एवढं जायचंय कशाला?"

त्यांनी चोपडी मिटली. "मला आजवर ज्याने ज्याने कुठे नेलं, कामासाठी नेलं," त्या म्हणाल्या. "वहिनींची बाळंतपणं, पोरांच्या परीक्षा, घर राखायला. शाळेने नेलं तर पोरं मोजायला. असं एक ठिकाण बघायचंय जिथे माझी कुणाला गरज नाही. आणि मला कुणाची नाही. म्हणजे मी जे सांगत आले ते खरं आहे की नाही, तेही कळेल."

यातलं शेवटचं वाक्य मला तेव्हा नीट समजलं नाही. समजलं असतं तर मी त्यांना जाऊ नका म्हटलं असतं का? नसतं म्हटलं, बहुतेक.

मुंबईला बातमी पोचली तेव्हा भावांच्या घरी गहजब झाला. एकटी बाई, परदेशात, मधुचंद्राच्या जागी! धाकटी वहिनी फोनवर म्हणाली, "अहो वन्सं, त्यापेक्षा आमच्याकडे या ना महिनाभर. धाकटीची दहावी आहे, तिला तुमचा आधार होईल." बाईंनी शांतपणे "बघते" म्हटलं, फोन ठेवला आणि दुसऱ्याच दिवशी दादरला कळवून टाकलं की ठरलं.

जागा ठरली ती मॉरिशसचीच, एका चित्रावरून. उतारावर दगडी जोत्याच्या खोल्या, प्रत्येकीला पायऱ्या, खाली समुद्र. आणि वाळूत एकच खुर्ची, तिच्यात टोपी घातलेली एक गोरी बाई पुस्तक वाचत बसलेली. बाईंना जणू खजिनाच सापडला. मला मात्र वाटलं की हिचा नवरा फोटो काढत असणार आणि दुसरी खुर्ची त्याने बाजूला सरकवली असणार. पण मी बोलले नाही. अडीच वर्षांच्या शोधानंतर त्यांच्या तोंडावर समाधानाचं हसू आलं होतं.

डिसेंबरात त्या गेल्या. नवी कॅनव्हासची चप्पल, सुती साड्या, लिंबाच्या लोणच्याची बरणी. दहा दिवसांसाठी गेलेल्या बाई आठव्या दिवशीच परत आल्या. मी कारखान्यातून आले तर खालचा दिवा लागलेला. हाक मारली तर आतून, "आले मी. दमले आहे," एवढंच. पुढचे काही दिवस खालून आवाज नाही. आळीतले लोक मला अडवून विचारायचे, बाईंना तिकडचं मानवलं नाही का?

मग एका रविवारी दुपारी जिन्यावर पावलं वाजली. कडक ऊन होतं, नदी पात्राच्या तळाशी गेलेली, आणि बाई जिना चढून माझ्या दारात उभ्या. इतक्या वर्षांत पुराशिवाय त्या पहिल्यांदा वर आल्या होत्या. मी गडबडून गादीवरचे कपडे उचलले.

"बसू का?" त्यांनी विचारलं. स्वतःच्याच घरात.

बसल्या आणि सांगायला लागल्या. जागा चित्रातल्यासारखीच होती. खोलीपुढे खुर्च्या मात्र दोन. बाईंनी एक काढायला सांगितली. नोकराने काढली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा ठेवली. जेवायला एकट्या बसल्या की आचारी येऊन विचारायचा, जेवण आवडलं नाही का? शेवटी व्यवस्थापकाने एका मुलीला त्यांच्याकडे पाठवलं. वीस-बावीसची, तिथेच कामाला. तिच्या पणजोबांचे वडील कधी काळी कोकणातून उसाच्या कामाला गेलेले. घरी गणपती बसायचा, शाळेत मराठी शिकलेली. पुस्तकातलं असावं तसं मोजूनमापून बोलायची.

"मी तिला म्हटलं, बाळ, मला कुणी लागत नाही," बाई म्हणाल्या. "तर ती म्हणाली, आजी, माझे पाय दुखतात, मी दिवसभर उभी असते. मी येथे बसू का? आजी! मला आजवर आजी कोणी म्हटलेलं नाही गं. मी बाई, नाहीतर आत्या. बस म्हटलं."

ती त्या दुसऱ्या खुर्चीत बसली. मग रोज दुपारी यायला लागली. बाई तिला महाडच्या पुराच्या गोष्टी सांगायच्या आणि ती तोंडावर हात ठेवून हसायची. घरात नदी? आणि तुम्ही वर? बाईंनी तिला लोणचं दिलं. तिने बाईंना तिच्या आईने केलेली पुरणपोळी आणून दिली, आणि ती म्हणे अगदी बिघडलेली होती, पण बाईंनी सगळी खाल्ली.

"सहाव्या दिवशी ती आली नाही," बाई म्हणाल्या.

मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"मी खुर्ची फिरवून बसले होते. पायवाटेकडे तोंड करून. सकाळपासून. समुद्राकडे पाठ करून बसले गं मी! एवढ्या लांब जाऊन! ऊन उतरलं तेव्हा लक्षात आलं. मग कचेरीत जाऊन विचारलं. तर ती सुट्टीवर. तिच्या बहिणीचं लग्न. मी तिथून निघेपर्यंत ती कामावर येणार नव्हती." त्यांनी पदराने चष्मा पुसला. "तिने सांगायला हवं होतं असं नाही. कोण मी तिची? पण मला अशी चीड आली. तिची नाही, माझी. चाळीस वर्षं मी स्वतःला सांगत आले, मला कुणी लागत नाही. तिकडे जाऊन कळलं की लागतं. आधी माहीत असतं तर निदान त्या हिशेबाने जगले असते."

मला रडू आलं. बाईंना नाही आलं. त्यांनी माझ्या पाठीवर थापटल्यासारखं केलं, आणि सवय नसल्यामुळे ते जरा जोरातच बसलं.

त्या दिवसापासून त्यांचं वर येणं सुरू झालं. आधी काहीतरी निमित्त असायचं, कधी आमटी, कधी कैरी. मग निमित्तही राहिलं नाही. कंपनीच्या बसला उशीर झाला की त्या ओट्यावर बसलेल्या असायच्या. "वाट बघत नव्हते," त्या आधीच सांगून टाकायच्या, "आत उकडत होतं." थंडीच्या दिवसांतसुद्धा आत उकडायचं.

खरं सांगायचं तर मला ते जड व्हायला लागलं होतं आणि आवडतही होतं. घरी माझी आईसुद्धा एवढी वाट बघायची नाही. पण पुढच्या वर्षी मला डोंबिवलीला चांगली नोकरी लागली. खाली जाऊन सांगितलं तेव्हा बाई चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणं पुरतं निथळू दिलं.

"छान झालं," म्हणाल्या. "जा तू. मला कुणी..." आणि वाक्य तिथेच सोडून त्यांनी कप माझ्यापुढे सरकवला.

निघताना मी म्हटलं, "बाई, एखाद्या शनिवारी येईन मी. दुपारच्या आगगाडीने वीर स्टेशनला उतरेन आणि रिक्षा करून घरी येईन."

"ये. जमलं तर ये. नाही जमलं तरी हरकत नाही."

नवीन नोकरी, नवीन माणसं. दीड-दोन महिने निघून गेले. मग एका शनिवारी सकाळी मनात आलं आणि मी गाडीत बसले. कळवायचं राहून गेलं. म्हटलं, जाऊन चकित करू. गाडी नेहमीसारखी रखडत वीरला पोचली. उतरणारी मंडळी पिशव्या सावरत बाहेर पडली, फलाट मोकळा झाला, आणि पलीकडच्या बाकावर छत्री आडवी धरून बाई बसलेल्या दिसल्या. मीच चकित झाले.

मला बघून त्या उठल्या. पदर सारखा केला. मग म्हणाल्या, "इकडे भाजी घ्यायला आले होते."

वीर स्टेशनवर भाजी मिळत नाही. महाडची मंडई सोडून इतक्या लांब भाजीला कोणी येत नाही. आणि बाईंच्या हातात पिशवीही नव्हती. मी "हो का?" एवढंच म्हटलं.

बाहेर एक रिक्षा थांबलेली होती. चालक बाईंचा पोलादपूरचा जुना विद्यार्थी. बाई आत जाऊन बसल्या. मी माझी बॅग मागे ठेवायला वळले तेव्हा तो हळूच म्हणाला, "बरा झाला ताई तुमी आलंव. दर शनवारी येतात बाई. गाडी गेली की म्हंतात, चल रे, आज नाय आली. पैशे बी जाताचे नि येताचे दोनी देतात. मी नको म्हनतो तर आयकत नाय."

मी आत बसले. बाईंनी साडी आवरून मला जागा करून दिली आणि बाहेर बघायला लागल्या. रिक्षा रेल्वेच्या फाटकापाशी थांबली. मग मीच म्हटलं, "बाई, मी येत जाईन हं. परत येईन एखाद्या शनिवारी."

त्यांनी माझं मनगट धरलं.

"एखाद्या नको," त्या म्हणाल्या. "कुठल्या ते सांग."